पिल्लाचा पाय आणि अभावाचा विचार

श्रोतेहो, मागच्या दोन व्याख्यानांत आपण कार्यकारणभाव पाहिला. घट, मृत्तिका, कुंभार, दंड, चक्र, सगळं झालं. माती वाहून आणणारं गाढवसुद्धा झालं. ते घटाच्या आधी तिथे हजर असलं तरी त्याला घटाचं कारण का म्हणायचं नाही, यावर बराच वेळ गेला. त्यानंतर एका श्रोत्या भगिनींची चिठ्ठी आली. त्यांनी लिहिलं होतं की, सर, घटपटाची खटपट पुरे झाली. आमच्या रवणीतून अकरा पिल्लं निघाली, त्यातल्या एकाचे पाय दोन बाजूंना फाकलेत. ते उभं राहत नाही. सासूबाई म्हणतात टाकून दे, मुलगी रडते. तुमचं न्यायदर्शन यात काही सांगतं का?

सांगतं. आजचं व्याख्यान त्याच चिठ्ठीचं उत्तर आहे. आम्ही पशुवैद्य नाही, हे आधीच सांगून टाकतो. निवृत्तीनंतर परसात कोंबड्या पाळतो, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचं डोकं खातो आणि वाचतो. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट सांगू.

आधी पाय म्हणजे काय ते बघू. कोंबडीचा गुडघा उलटा वाकतो, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. पण जो उलटा वाकतो तो गुडघा नाहीच, तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ, पिसांत दडलेला असतो आणि तो तुमच्याआमच्यासारखा पुढेच वाकतो. घोट्याच्या खाली जी खवल्यांची पिवळी काडी दिसते, ती म्हणजे आपल्या तळपायातल्या हाडांचीच लांबलेली आवृत्ती. थोडक्यात, कोंबडी जन्मभर चवड्यांवर चालते. ही गंमत म्हणून सांगत नाही. फोनवरून डॉक्टरांना 'गुडघा सुजलाय' म्हणून सांगाल आणि सुजलेला असेल घोटा, तर त्यांच्या मनात भलताच रोग येईल. पट्टी कुठे बांधायची, हेही यावरच ठरतं.

आता काळाचा हिशोब. अंडं उबवायला बसवल्यापासून साधारण २१ व्या दिवशी पिल्लू कवच फोडतं. बाहेर येतं तेव्हा ओलंचिंब, दमलेलं. पहिले काही तास ते घोट्यांवर बसकण मारून असतं, उठतं, धडपडतं, पुन्हा बसतं. पोटात ओढून घेतलेला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो, त्यामुळे लगेच खायची गरज नसते. या पहिल्या दिवसात घाबरून काहीही करायचं नाही. ऊब द्यायची आणि बघत राहायचं. मात्र २४ तास उलटून गेले, भावंडं तुरुतुरु पळायला लागली आणि हे एकटंच पोटावर पसरून बसलंय, दोन्ही पाय होडीच्या वल्ह्यांसारखे बाजूला, तर मग आपली वेळ आली.

इथे न्यायशास्त्राची मदत होते. आपल्याकडच्या नैयायिकांनी 'नसणं' हीसुद्धा एक वस्तू मानली. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय हे सहा पदार्थ आणि पुढच्या काळात त्यांत भर पडली ती सातव्याची, अभावाची. टेबलावर पुस्तक नाही, हे ज्ञान 'टेबल आहे' या ज्ञानापेक्षा वेगळं आहे आणि खरं आहे, एवढाच साधा मुद्दा. या अभावाचे चार प्रकार केले, त्यातले दोन आज हवेत. घट तयार होण्याआधी मातीत घटाचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे, घट झाला की तो संपला. घट फुटल्यावर खापऱ्यांत जो अभाव उरतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. तोच घट पुन्हा होत नाही. वरवर दोन्हीकडे दिसतं एकच, की घट नाही.

पिल्लाचंही तसंच. 'उभं राहत नाही' एवढंच आपल्या डोळ्यांना दिसतं. ते अजून उभं राहायचंय म्हणून राहत नाही, की उभं राहण्याचं साधनच मोडलंय म्हणून राहत नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. आणि आपण हातात टेप घेऊन काय करावं, किंवा काही करावं की नाही, हे सगळं त्या फरकावर अवलंबून आहे. चिठ्ठीतल्या सासूबाई आणि मुलगी, दोघींचं भांडण खरं म्हणजे याच फरकावरून चाललंय. एकीनं ते फुटलेलं मडकं धरलंय, दुसरीनं कच्ची माती.

चिठ्ठीत वर्णन केलंय ते फाकलेल्या पायांचं पिल्लू बहुतेक वेळा कच्ची माती असतं. जन्मल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत त्याच्या हाडांना, स्नायूंना अजून वळण लागलेलं नसतं. खाली गुळगुळीत जागा असेल, तर पाय सरकतात, मांडीच्या आतले स्नायू पाय जवळ ओढून धरायला शिकतच नाहीत, आणि हा फाकवाच कायमचा होऊ लागतो. अंडी उबवताना उष्णता-ओलावा कमीजास्त झाला, पिल्लू कवचात अडकून फार वेळ धडपडलं, आईच्या खाण्यातच काही कमी होतं, अशीही कारणं असतात. पण घरोघरी सापडणारं कारण बघाल, तर बुटाचं खोकं आणि त्यात अंथरलेलं वर्तमानपत्र. भुसा खातील म्हणून लोक वरून कागद पसरतात. पिल्लाच्या नखांना कागदावर पकडच मिळत नाही. अग्रलेख कितीही भरीव असला तरी पिल्लाला त्यावर पाय रोवता येत नाही.

म्हणजे बघा, इथे रोगाचं कारण 'काहीतरी असणं' नाही, काहीतरी नसणं आहे. पकड नसणं. तेव्हा पहिला उपाय औषधाचा नाही, जमिनीचा. कागद काढा. गोणपाट अंथरा, किंवा खरखरीत जुना टॉवेल, पण त्याचे सुटे धागे आधी कापून टाका, कारण ते पिल्लाच्या बोटांना गुंडाळले जाऊन बोट काळं पडतं. नळ्यानळ्यांचा पुठ्ठा मिळाला तर त्याचा वरचा कागद सोलून ती खाचांची बाजू वर करा. सौम्य फाकवा असेल तर एवढ्यानंही पाय सावरतात. आयुर्वेदात याला निदानपरिवर्जन म्हणतात, कारणच दूर करणं, आणि चिकित्सेत त्याचा मान पहिला.

एवढ्यानं भागलं नाही तर पायांना बांध घालायचा. मेडिकलमध्ये जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी मिळते, ती घ्या. विजेच्या कामाची काळी टेप नको, सेलोटेप तर नकोच, कातडी सोलून निघते. साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद आणि आठेक सेंटिमीटर लांब पट्टी कापा. एकानं पिल्लू ऊबदार हातात अलगद धरायचं, दुसऱ्यानं बांधायचं. एकट्यानं हे जमत नाही. पट्टी घोट्याच्या खाली, त्या पिवळ्या काडीवर, दोन्ही पायांना सैलसर वळसा घालून मध्ये जोडायची. आकार होतो तो आपल्या मराठी चारसारखा, दोन गाठींचा. मधल्या भागात चिकट बाजू एकमेकींवर दाबून टाकायची, म्हणजे पोटाच्या लवीला चिकटणार नाही.

दोन पायांत अंतर किती ठेवायचं? लोक इंच म्हणतात, ते ढोबळमानानं बरोबर आहे. पण त्याहून चांगलं मोजमाप समोरच असतं. त्याचं निरोगी भावंड उभं राहिल्यावर त्याच्या पायांत जेवढं अंतर आहे तेवढं. पाय फारच फाकलेले असतील तर पहिल्याच दिवशी तितके जवळ ओढू नका. आज थोडे, उद्या आणखी थोडे. बोटं थंड किंवा निळसर वाटली तर पट्टी घट्ट झालीय, लगेच सोडा. रोज एकदा सोडून, पाय बघून, नवी बांधायची, कारण पिल्लू रोज वाढतं आणि पट्टी वाढत नाही.

बांधल्यावर पिल्लू पहिल्यांदा तोंडावर पडतं. बघवत नाही. मग त्याला दोन बोटांच्या बेचक्यात उभं धरायचं, पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-सहा वेळा, आणि हाताचा आधार हळूहळू कमी करत जायचं. सायकल शिकवणारा बाप मागचं कॅरियर जसं सोडतो तसं. पाणी उथळ झाकणात, आणि झाकणात गोटे टाकलेले, कारण बांधलेलं पिल्लू पाण्यात तोंडघशी पडलं तर बोटभर पाण्यात बुडून मरतं. खाणं चोचीपाशी. दोन ते पाच दिवसांत बहुतेक पिल्लं सावरतात. पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर यश चांगलं येतं, आठवडा उलटल्यावर आशा झपाट्यानं कमी होते.

आणि ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पातळीला साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तापमापक नसला तरी पिल्लं स्वतः सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर गारठलीत, बल्बपासून लांब चोच उघडून बसली असतील तर उकडतंय. आजाऱ्याला वेगळं ठेवा, कारण भावंडं त्याच्या पायाला, त्या पांढऱ्या पट्टीला टोचतात. पण नजरेआड ठेवू नका. मध्ये जाळी ठेवा, किंवा एखादं गरीब स्वभावाचं पिल्लू सोबतीला द्या. एकटं पिल्लू ओरडून ओरडून दमतं, खात नाही, आणि मग आपण पायांचे उपचार करत बसतो ते भुकेनं जातं.

आमच्याकडे जुन्या बायका तेल-हळद लावून पाय चोळतात. त्यांच्या हातातली माया आम्ही नाकारत नाही. पण तेलानं लव चिकटते, चिकटलेली लव ऊब धरत नाही, आणि पिल्लू गारठतं. माया हातात असते, ज्ञानही हातात असावं लागतं.

आता दुसऱ्या जातीचा अभाव. त्यासाठी थोडं लांब, जावा बेटावर जायला हवं. १८८६ साली डच सरकारनं बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, एक समिती पाठवली. तिथे सैनिकांमध्ये बेरीबेरीची साथ होती. पाय लुळे पडत, माणसं मरत. तो काळ जंतुशास्त्राच्या ऐन भराचा, त्यामुळे समितीचं काम ठरलेलं होतं, बेरीबेरीचा जंतू शोधायचा. समिती परतल्यावर तिथली प्रयोगशाळा क्रिस्तियान आइकमन या तरुण डॉक्टरकडे आली. त्याच्याकडे प्रयोगासाठी कोंबड्या होत्या. एके दिवशी त्या कोंबड्यांचेच पाय लटपटू लागले. चाल बिघडली, मग बसल्या, मग आडव्या पडल्या. जंतू टोचलेल्याही पडल्या आणि न टोचलेल्याही. आणि काही महिन्यांनी एकाएकी सगळं थांबलं, कोंबड्या बऱ्या होऊ लागल्या.

चौकशी केली तेव्हा कळलं, मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला भात घातला जात होता, पांढरा, सडून पॉलिश केलेला. मग स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्यानं लष्कराचा तांदूळ बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला! नियमावर बोट ठेवणारा तो माणूस, त्याचं नाव इतिहासात नाही, पण त्याच्यामुळे कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या.

आमच्या दृष्टीनं खरी गोष्ट याच्या पुढे आहे. आइकमननं प्रयोग करून दाखवलं की पांढऱ्या भातानं पाय जातात आणि कोंड्यानं परत येतात. पण याचा अर्थ त्यानं काय लावला? तांदळाच्या पिठूळ भागात काहीतरी विष असावं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. म्हणजे कारण 'काहीतरी असणं' हेच. जंतू नाही तर विष. त्याच्या जागी आलेल्या गेरिट ग्रेन्स यानं १९०१ साली तोच पुरावा उलटा वाचला. पांढऱ्या भातात काही वाईट नाहीच, काहीतरी आवश्यक ते त्यात नाही. पुढे या वस्तूला जीवनसत्त्व म्हणू लागले, बेरीबेरीच्या बाबतीत ब-१. आइकमनला १९२९ चं नोबेल मिळालं, हॉपकिन्सबरोबर विभागून. पण कोंबडीचा पाय लटपटतो तो अभावामुळे, हे वाक्य पहिल्यांदा नीट म्हणणारा ग्रेन्स. आमच्या नैयायिकांना तो भेटला असता तर त्यांनी त्याला मांडीला मांडी लावून बसवून घेतलं असतं.

कोकणातल्या श्रोत्यांना हातसडीचा तांदूळ आणि गिरणीचा तांदूळ हा फरक सांगायला नको. पिल्लांच्या बाबतीत तो आजही लागू आहे. नुसत्या कण्या, नुसता मक्याचा भरडा, यावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय बिघडतात, पण प्रत्येक अभावाची खूण वेगळी. ब-२ कमी पडलं तर बोटं आत वळून मुठीसारखी होतात आणि पिल्लू घोट्यांवर चालू लागतं, कारण त्या जीवनसत्त्वावाचून पायाकडे जाणारी मोठी नस सुजते. लवकर लक्षात आलं तर ब-जीवनसत्त्वांचं पक्ष्यांसाठीचं औषध पाण्यातून, मात्रा डॉक्टरांना विचारून, आणि उकडलेलं अंडं कुस्करून, कोवळा पाला बारीक चिरून. औषधाचं पाणी उन्हात ठेवू नका, ब-२ प्रकाशानं नासतं. फार उशीर झाला की नसेची हानी भरून येत नाही. प्रागभाव बघता बघता प्रध्वंसाभाव होतो तो असा.

मुठी झालेल्या बोटांना एक युक्ती आहे, ती मुलांना फार आवडते. पिल्लाचा बूट. पातळ पुठ्ठ्याचा पंजाएवढा तुकडा, त्यावर बोटं आहेत तशी नीट पसरून, तीन पुढे एक मागे, आणि वरून कागदी पट्टी. दोन-तीन दिवस. अंड्यात दाटीनं वाकलेली बोटं यानं बहुधा सरळ होतात. मात्र ब-२ च्या अभावानं वळलेली बोटं नुसत्या बुटानं सरळ होत नाहीत. बूट बाहेरून आहे, अभाव आतून.

ड-३ आणि कॅल्शियमची कमतरता असली तर दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाची चोचसुद्धा रबरासारखी वाकते. अशांना कोवळं ऊन द्या, पण बंद काचेच्या खिडकीतून येणारं नको. ज्या किरणांनी अंगात ड-जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते. आणि कॅल्शियम कमी म्हणून अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना घालू नका. त्यात कॅल्शियम पिल्लाच्या गरजेच्या तिप्पट-चौपट असतं, मूत्रपिंडं बिघडतात आणि मँगनीज अंगी लागत नाही. अभावावर उपाय म्हणून जे ओततो त्यातून दुसरा अभाव तयार होतो.

मँगनीजचं नाव आलं, तेव्हा सगळ्यात अवघड पायाकडे येऊ. घोट्याच्या मागच्या बाजूला एक खाच असते, तिच्यात टाचेची शीर बसलेली असते, तारेवरच्या कप्पीत दोरी बसते तशी. मँगनीज, कोलीन आणि आणखी काही घटक कमी पडले तर घोटा चपटा, सुजलेला होतो, खाच उथळ होते आणि शीर एका बाजूला घसरते. मग खालचा पाय पिळवटून बाहेर वळतो. मक्यात मँगनीज कमी, कोंड्यात भरपूर. पुन्हा तोच कोंडा! पण इथे मेख अशी आहे की कोंड्यानं पुढची पिल्लं वाचतात, हे वाचत नाही. शीर नुकतीच घसरली असेल तर जाणता डॉक्टर ती बोटानं खाचेत परत बसवून बघतो. कधी बसते, बहुधा पुन्हा घसरते.

आमच्या शेजारच्या आठवीतल्या मुलाकडे असं पिल्लू होतं. जत्रेत विकतात ना, गुलाबी-हिरवी रंगवलेली, त्यातलं. ही बहुधा अंड्यांच्या जातीची नर पिल्लं, व्यवसायाला नको असलेली. ती खोक्यात कोंबून, वाटेल ते खाऊ घालून आणलेली असतात. मुलानं त्याला आठ दिवस सांभाळलं. डॉक्टरांनी दोनदा शीर बसवली, दोनदा घसरली. नवव्या दिवशी पिल्लाच्या दोन्ही घोट्यांना जखमा होत्या, आणि पाण्यापर्यंत जाताना ते पंखांवर रेटत होतं. डॉक्टर म्हणाले, आता याला शांतपणे जाऊ देणं बरं. घरात दोन तट पडले. आजी म्हणाली, देवानं दिलेला जीव घेणारे आपण कोण. वडील म्हणाले, रविवारी आपण मटण खातो तेव्हा हा प्रश्न पडत नाही. मुलगा काहीच बोलला नाही, आमच्याकडे आला आणि विचारलं, अजून थांबलो तर?

आम्ही त्याला खोटा धीर दिला नाही. वडिलांचं म्हणणं वादात टाळ्या घेणारं होतं, पण त्यातून निष्कर्ष निघत नाही. रविवारी विचार करत नाही, म्हणून सोमवारीही करू नये, असं होत नाही. आजीचं म्हणणं गंभीर होतं. त्या घरात त्या एकट्याच अशा होत्या ज्यांना जीव घेणं ही छोटी गोष्ट वाटत नव्हती. पण आजींच्या वाक्यात पिल्लू कुठेच नव्हतं. आजी होत्या, देव होता. आम्ही मुलाला एवढंच विचारलं, तू थांबतोस ते कोणासाठी? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, थोडं त्याच्यासाठी, थोडं माझ्यासाठी. आम्ही म्हणालो, मग त्याच्यासाठी जेवढं आहे तेवढंच मोज. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः पिल्लाला टोपलीत घालून वडिलांबरोबर दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. परत आल्यावर त्यानं आमच्याकडून कोंडा कुठे मिळतो ते विचारून घेतलं, कारण घरात आणखी तीन पिल्लं होती.

यात कोणाला क्रौर्य वाटेल. आम्हाला वाटत नाही. अहिंसेचा अर्थ आपल्या हाताला रक्त लागू न देणं एवढाच घेतला, तर ते पिल्लू आणखी चार दिवस पंखांवर रेटत राहिलं असतं आणि आपले हात स्वच्छ राहिले असते. पण हेही तितकंच खरं की हा निर्णय पहिल्या दिवशी घेतला असता तर तो निव्वळ आळस ठरला असता. चिठ्ठीतल्या सासूबाईंना आमचं म्हणणं तेच आहे. फाकलेल्या पायाला पाच दिवस द्या. टाकून देण्याची घाई ही बहुतेक वेळा बघत बसण्याचा कंटाळा असते.

काही पाय मात्र आपल्या टेपचे, कोंड्याचे कशाचेच नसतात. महिना-दीड महिन्याचं पिल्लू, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून आडवं पडलंय, तर मॅरेकच्या रोगाची शंका घ्यावी. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ साली तो पहिल्यांदा नोंदवला, म्हणून ते नाव. विषाणूचा रोग, पिसांच्या कोंड्यातून पसरतो, माणसाला होत नाही आणि त्यावर औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू एक दिवसाचं असताना उबवणी केंद्रातच मानेच्या कातडीखाली टोचतात. तेव्हा पिल्लं विकत घेताना हा एक प्रश्न विचारायला विसरू नका. पाय लुळे पडण्याबरोबर मान पिळवटलेली, हिरवी हगवण, श्वासाला घरघर असं असेल तर ती मानमोडी. त्या वेळी एका पिल्लाच्या पायाचा विचार सोडून बाकीच्यांना वेगळं करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. गावोगावी ती देतच नाहीत आणि मग उन्हाळ्यात एका रात्रीत खुराडं रिकामं होतं.

ब्रॉयलर पिल्लांबद्दल एका वाक्यात सांगतो. पाच-सहा आठवड्यांत दोन किलो भरतील अशी ती जात घडवलेली आहे, हाडं त्या घाईला पुरी पडत नाहीत, आणि तिथे पाय बिघडतात ते आपण मुद्दाम निवडलेल्या गोष्टीमुळे. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्या भगिनींसाठी शेवटचं. पट्टी काढल्यावर पिल्लू एक पूर्ण दिवस गोणपाटावर न घसरता चाललं, म्हणजे त्याला आईकडे परत द्यायचं. भर दिवसा सोडू नका, खुडूक कोंबडी परक्यासारखी टोचते. अंधार पडल्यावर, ती पिल्लांना पोटाखाली घेऊन बसली असताना, मागच्या बाजूनं हळूच तिच्या पंखाखाली सरकवा. पहाटे उजाडायच्या आत उठून बघा. टोचत असेल तर लगेच काढून घ्या, एका भावंडाबरोबर दोन दिवस वेगळं ठेवा आणि पुन्हा रात्रीच प्रयत्न करा.